जुनी येझदी घेताना: आधी कागद, मग क्रँक, शेवटी रंग

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यानंतर जुन्या जावा-येझदीसाठी कंपनीचा एकही सुटा भाग बनलेला नाही. तरीही दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा-येझदी दिनाला, पुण्यात, कोल्हापुरात, बंगळूरला या गाड्या रांगेने रस्त्यावर येतात. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकवायचे रबर आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीशी गल्लत होणार नाही असा आवाज. ही रांग पाहून ‘आपणही एक घ्यावी’ असे वाटणाऱ्या तरुणांची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. त्यांच्यासाठीच हे लिहीत आहे, कारण यांतले बरेच जण चकाकत्या टाकीवर भुलून पैसे मोजतात आणि वर्षाच्या आत गाडी कोपऱ्यात उभी करतात.

जुनी गाडी घेताना तीन गोष्टी पाहायच्या आणि त्यांचा क्रम चुकवायचा नाही: आधी कागद, मग क्रँक, शेवटी रंग. बाजार गाडी दाखवतो ती नेमकी उलट्या क्रमाने. रंग नवा, क्रोम नवे, सीट नवी. इंजिनाबद्दल ‘एकदम ओके’ एवढेच आणि कागदांबद्दल ‘होऊन जाईल’.

आधी या गाडीची थोडी ओळख. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियातली. फ्रांतिशेक यानेचेक या प्रागच्या कारखानदाराने १९२९मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलचा आराखडा विकत घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. भारतात रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६०मध्ये म्हैसूरला आयडियल जावा सुरू केली. पुढच्याच वर्षी तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात टाकीवरचे ‘जावा’ जाऊन ‘येझदी’ आले आणि १९७८पासून रोडकिंग निघाली, जी कारखाना बंद पडेपर्यंत चालू राहिली. आज बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती हीच. २०१८पासून जावा आणि २०२२पासून येझदी या नावांनी पुन्हा गाड्या निघू लागल्या आहेत, पण त्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे आणि त्यांचा एकही भाग जुन्या गाडीला लागत नाही.

जुन्या गाड्यांत बुलेट आहे, राजदूत आहे, आरएक्स १०० आहे. तरी पहिली जुनी गाडी म्हणून मी येझदीच सुचवतो. हिच्या २५० सीसी टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टॅपेट नाहीत. पाने हातात धरायची सवय असलेला माणूस एका दुपारी हेड-ब्लॉक उतरवून पिस्टन पाहू शकतो. आरएक्स १०० चे भाव आता तिच्या नावामुळेच चढले आहेत, आणि जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटला चांगला मिस्त्री नसेल तर ती पहिल्याच मालकाचा उत्साह संपवते. येझदी अशी आहे की ती शिकता येते.

आता कागद. इथे घाई करणाऱ्याला नंतर रडावे लागते.

खासगी दुचाकीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन, निरीक्षकाला दाखवून, पर्यावरण कर भरून ती वाढवून घ्यावी लागते. याला सगळे ‘पासिंग’ म्हणतात. नव्वद साली घेतलेल्या येझदीचे पासिंग पहिल्यांदा २००५मध्ये व्हायला हवे होते, मग २०१०, २०१५ असे दर पाच वर्षांनी. आरसी बुकवर या नोंदी आहेत का ते पाहा. नसतील तर थकलेला कर आणि विलंब शुल्क मिळून किती होते, याचा आकडा आरटीओतून घ्या आणि तो गाडीच्या किमतीतून वजा करा. विकणारा ‘थोडेसेच आहे’ म्हणतो ते ऐकू नका.

दुसरी अडचण यापेक्षा मोठी आहे. १९८९पर्यंत महाराष्ट्रात एमएच-१२, एमएच-०९ असे नंबर नव्हते. तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे असत. त्या काळच्या नोंदी आरटीओच्या जाड रजिस्टरांत हाताने केलेल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक अजून ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढलेल्या नाहीत. गाडीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाका. माहिती आली तर उत्तम. ‘नोंद आढळली नाही’ असे आले तर जिथे पहिली नोंदणी झाली त्याच आरटीओत जाऊन ‘बॅकलॉग’ची नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी जुन्या रजिस्टरातले पान सापडायला हवे. ही नोंद होईपर्यंत ना नाव बदलता येते, ना पासिंग होते, ना १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसते. म्हणून नंबर संगणकावर नसेल तर मालकाला सांगावे, ‘काका, बॅकलॉग तुमच्या नावाने करून द्या, मग बोलू.’ बयाणा द्यायचाच असेल तर त्यानंतर द्यावा.

चासी नंबर हँडलखालच्या नळीवर असतो आणि इंजिन नंबर क्रँककेसवर. दोन्ही आरसी बुकाशी अक्षरश: ताडून पाहा. रंगाचे थर असतील तर थिनरचा बोळा फिरवा. अक्षरांची ओळ वेडीवाकडी असेल, आजूबाजूचा पत्रा घासून सपाट केलेला असेल, तर तिथूनच घरी परत या. इंजिन बदललेले असणे हा गुन्हा नाही, जुन्या गाड्यांत ते सर्रास होते, पण बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर झालेली हवी. एका गाडीचे कागद आणि दुसऱ्या गाडीची चासी अशी जोडाजोड केलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पोलिसांनी अडवले की मालक म्हणून उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

आरसी बुकाच्या मागच्या पानावर कर्जाचा बोजा आहे का, तेही पाहावे. तीस वर्षांपूर्वी पतपेढीकडून कर्ज घेतलेले असते, फेडलेलेही असते, पण बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो. आता ती पतपेढीच उरलेली नसते. फॉर्म ३५ वर सही कुणाची घ्यायची, हा प्रश्न नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. मालक हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या समोर बसून घ्याव्यात. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र हवे आणि इथे कर भरून नवीन नोंदणी. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद झाल्यापासून तिथून स्वस्त येझदी येतात. त्यांच्या बाबतीत हे पत्र आधी हातात पडू द्यावे.

एका गोष्टीत बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. केंद्र सरकारने २०२१मध्ये ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला नवी नोंदणी मिळते, नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. ऐकायला छान वाटते. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने नेहमीची नोंदणी जिवंत ठेवून दर पाच वर्षांनी पासिंग करत राहावे. साठच्या दशकातली जावा संग्रहात ठेवायची असेल तरच ‘व्हीए’चा विचार करावा. नव्वद सालच्या रोडकिंगला तर हे नियम अजून लागूच होत नाहीत.

कागद जमले की गाडीकडे वळायचे. मालकाला फोनवरच सांगून ठेवावे, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या सिलिंडरला हात लावून पाहा. गरम असेल तर आधी सुरू करून ठेवली आहे, म्हणजे थंड इंजिनात काहीतरी दडलेले आहे असे समजा.

येझदीची किक आणि गिअरचा दांडा एकच. दांडा आत दाबून वर फिरवला की तीच किक होते. गिअर बदलतानाही हाच दांडा आतून क्लच सोडवतो, त्यामुळे क्लचची मूठ न दाबताही गिअर पडतो. ही सोय नीट चालते का ते पाहावे. पायाने दांडा दाबून धरल्यावर गाडी पुढे ओढत असेल तर क्लचची जुळणी बिघडली आहे. हा खर्च मोठा नाही. किक मारताना दाते घसरून ‘कर्र’ होत असेल तर किकचे गिअर गेले आहेत, आणि त्यासाठी इंजिन उघडावे लागते. चढावर दुसरा किंवा तिसरा गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्सचाच खर्च धरा.

खरी परीक्षा क्रँकची. त्यासाठी टू-स्ट्रोक इंजिनाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. यात पेट्रोल-हवेचे मिश्रण थेट पिस्टनच्या वर जात नाही. पिस्टन वर जाताना ते आधी खाली क्रँककेसमध्ये ओढले जाते, पिस्टन खाली येताना ते दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते. क्रँककेस हा इथे पंप आहे. पंपाला हवेची गळती चालत नाही, म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील बसवलेले असतात. येझदीचे अर्धे दुखणे या दोन सीलांत असते.

डाव्या सीलच्या पलीकडे क्लच आणि गिअर ऑइल. हे सील गेले की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळू लागते. सुरू करताना थोडा धूर ही टू-स्ट्रोकची रीतच आहे. पण दहा मिनिटे चालवून इंजिन तापल्यावरही मागे पांढरा लोट उठत असेल आणि गिअर ऑइलची पातळी कमी होत असेल तर डावे सील गेले आहे. उजव्या सीलच्या पलीकडे डायनॅमो आणि मोकळी हवा. हे सील गेले तर धूर दिसत नाही, म्हणून ते जास्त घातक. बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, मूठ सोडली तरी आवाज खाली येत नाही, उलट चढत जातो. विकणारा म्हणतो, ‘पिकअप बघा काय आहे!’ अशी गाडी हायवेवर लांब ताणली की पिस्टन तापून सिलिंडरमध्ये धरतो, मागचे चाक जागीच जाम होते आणि चालवणारा पडतो.

उजवे झाकण काढायला सांगा. चांगला मालक नाही म्हणणार नाही. आत क्रँकच्या टोकावर डायनॅमोचे आर्मेचर फिरते आणि त्याच्याभोवती अगदी थोडी फट ठेवून लोखंडी पोल असतात. या पोलांवर ताज्या घासल्याच्या चकचकीत रेषा दिसल्या तर क्रँकचे मेन बेअरिंग सैल झाले आहे आणि आर्मेचर हेलकावत पोलांना लागते आहे. आर्मेचर चिमटीत धरून वर-खाली हलवून पाहिले की हे बोटालाही कळते. नंतर प्लग काढून त्या भोकातून पिस्टनच्या डोक्यावर एक लांब स्क्रूड्रायव्हर हलकाच टेकवायचा आणि क्रँक पुढे-मागे किंचित फिरवायचा. क्रँक हलतो आहे पण पिस्टन क्षणभर जागीच आहे, असे जाणवले तर कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग झिजले आहे. याचाच पुढे ‘खटखट’ आवाज होतो.

ब्लॉक किती वेळा बोअर झाला आहे, हेही विचारून घ्यावे. मूळ बोअर ६५ मिलिमीटरचा. प्रत्येक बोअरला पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने मोठा बसतो आणि तो आकडा पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेला असतो. शेवटच्या मापाचा पिस्टन बसलेला असेल तर पुढच्या वेळी ब्लॉकला स्लीव्ह टाकावी लागेल. ती चांगल्या ठिकाणी टाकली तर गाडी पुन्हा वर्षानुवर्षे चालते, त्यामुळे एवढ्यावरून गाडी नाकारू नये, भाव मात्र करावा.

क्रँक बांधून घ्यायची वेळ बहुतेक जुन्या येझदीवर येतेच, तेव्हा ते काम कुठे करायचे हे आधीच ठरवून ठेवा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम मी जवळून पाहिले आहे. येझदीचा क्रँक अखंड नसतो. दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पिन असा तो जोडलेला असतो. प्रेसवर पिन काढायची, नवा रॉड, नवी पिन, नवे बेअरिंग घालून चकत्या पुन्हा दाबायच्या, इथपर्यंत कुणीही करील. कौशल्य त्यानंतर लागते. मिस्त्रीने तो क्रँक लेथच्या दोन टोकांमध्ये धरला, शाफ्टवर डायल गेजचा काटा टेकवला आणि हाताने सावकाश फिरवला. काटा एका जागी झुकला की तिथे खडूने खूण. मग क्रँक हातात घेऊन तांब्याच्या हातोडीचा चकतीवर एकच घाव. पुन्हा लेथवर, पुन्हा काटा. असे करत करत काटा मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांवर येऊन स्थिरावला तेव्हाच त्याने मान हलवली. बोलणे जवळजवळ नाहीच. हा काटा ज्याच्याकडे नाही आणि जो ‘नजरेने बघून’ क्रँक सरळ करतो, त्याच्याकडे हे काम देऊ नये. वाकडा राहिलेला क्रँक हँडलला झणझण आणतो आणि नवी बेअरिंगे, नवे सील थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो. क्रँक बांधताना दोन्ही सील आणि दोन्ही मेन बेअरिंगे बदलूनच घ्यावीत. शे-दोनशे रुपये वाचवण्यासाठी जुने सील परत बसवणे म्हणजे सगळी मजुरी वाया घालवणे.

रंगाबद्दल मला थोडेच सांगायचे आहे. मूळ रंगातली, जागोजाग टवके उडालेली, पण कुणी हात न लावलेली गाडी मिळाली तर ती नव्या रंगाच्या गाडीपेक्षा जास्त मोलाची समजावी. नव्या रंगाखाली पुटी असते आणि पुटीखाली काय आहे ते दिसत नाही. टाकीवर लोहचुंबक फिरवला की जिथे तो पकडत नाही तिथे पुटी जाड आहे हे कळते. क्रोमही स्वस्तात केले असेल तर एका पावसाळ्यात फुगते. मूळ सायलेन्सर, मूळ हब, मूळ मीटर, पूर्ण चेन-कव्हर या गोष्टी गाडीवर असतील तर त्यांच्यासाठी दोन पैसे जास्त द्यावेत, कारण नंतर त्या मिळवताना दहापट हिंडावे लागते.

गाडी घरी आली की खर्च संपला असे समजू नये. जेवढ्याला गाडी घेतली त्याच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. टायर, ट्यूब, ब्रेक लायनर, केबल, हँडलचा कोन सेट आणि सगळी वायरिंग आधी नवी करून घ्या. ब्रेक दोन्ही चाकांना ड्रमचे आहेत आणि आजच्या डिस्कच्या सवयीने पुढच्या गाडीमागे चिकटून चालवाल तर ही वेळेत थांबणार नाही. नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा.

इंजिनाला तेल मिळते ते फक्त पेट्रोलमधून. लिटरला साधारण ४० मिली टू-टी तेल, म्हणजे एकास पंचवीस. नव्या बोअरला पहिले हजार किलोमीटर थोडे जास्त. हे तेल पेट्रोल भरायच्या आधी टाकीत ओता म्हणजे पेट्रोलच्या धारेबरोबर नीट मिसळते. ‘कमी तेल म्हणजे कमी धूर, जास्त दम’ असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकून अनेकांनी पिस्टन जाळले आहेत. घाट उतरताना हीच गोष्ट ध्यानात ठेवायची. आंबोली किंवा कशेडीच्या उतारावर मूठ पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी सोडली की इंजिन वेगाने फिरत राहते, पण पेट्रोल येत नसल्यामुळे तेलही येत नाही. अधूनमधून क्लच दाबून मूठ क्षणभर उघडावी, म्हणजे क्रँकला तेल मिळते.

आताचे पेट्रोल हा वेगळा विषय आहे. उसापासूनही बनणारे इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के असते. उसाला भाव मिळतो हे चांगलेच आहे, पण ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडी महिनाभर उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. नेमकी तिथेच कॉकची जाळी असते. या थरात टू-टी तेल जवळपास उतरत नाही, म्हणजे सुरू करताना इंजिनाला पहिला घोट बिनतेलाचा मिळतो. शिवाय जुने रबरी पाइप फुगतात आणि टाकी आतून गंजते. उपाय सोपे आहेत. पाइप, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरचे पॅकिंग इथेनॉल सोसणारे घ्यावे. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते म्हणून मेन जेट एक नंबर मोठे बसवून प्लगचा रंग पाहावा. बदामी आला तर बरोबर, पांढरट आला तर अजून पातळ आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू द्यावे आणि टाकी रिकामी करावी.

पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवावी. पॉइंट नेमका कधी उघडतो हे पाहण्याची जुन्या फिटरांची पद्धत अजूनही उत्तम आहे. पॉइंटच्या दातांत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा, क्रँक सावकाश फिरवायचा आणि कागद ज्या क्षणी अलगद सुटतो तिथे टायमिंगची खूण जुळते का पाहायचे. गाडी गरम झाल्यावर मिसिंग करत असेल तर कार्बोरेटर उघडण्याआधी कंडेन्सर बदलून पाहा. बॅटरी उतरलेली असेल तर ठिणगीच येत नाही, हेही लक्षात असू द्या. दम कमी झाला की सायलेन्सरचे बॅफल बाहेर ओढा. तेलाचा काजळीसारखा कार्बन त्यात गच्च बसलेला असतो. तो जाळून, खरवडून काढला की पीयूसीलाही मदत होते. २०००पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालते. जुळणी नीट असलेली येझदी या मर्यादेत बसते.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला ही ओळखीची ठिकाणे. दुकानदाराने ‘ओरिजिनल’ म्हटले की भाग हातात घेऊन जुन्याशी ताडून पाहावा. डुप्लिकेट पिस्टनचे वजन आणि रिंगांची खाच वेगळी असते, डुप्लिकेट क्लच प्लेटा लवकर घसरतात. सील आणि बेअरिंगे मात्र गाडीच्या नावाने मागू नका. जुन्यावरचा आकडा वाचा आणि तेच माप नामवंत बेअरिंग कंपनीचे मागा. साठच्या दशकातल्या जावाचे काही भाग चेक प्रजासत्ताकात अजूनही बनतात आणि मागवता येतात.

आणि ही गाडी आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढायला हवी. वीस किलोमीटर पुरेत. उभ्या गाडीचे सील कोरडे पडून कडक होतात, बोअरला गंज धरतो, बॅटरी मरते. जी येझदी आठवड्याला चालते तिच्यावर वर्षाकाठी फार खर्च येत नाही, हा अनेक जुन्या मालकांचा अनुभव आहे.

शेवटी एक विनंती, गाडी घेणाऱ्यांना नव्हे, तर ज्यांच्या घरी ती आधीच उभी आहे त्यांना. वडिलांची किंवा आजोबांची येझदी गोठ्यात, जिन्याखाली धूळ खात असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी आरसी बुक शोधा. मालक हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचे संमतीपत्र जोडून फॉर्म ३१ वर ती वारसाच्या नावावर होते. हे काम आरटीओत आजही होते. पण वारस चार गावांना पांगले की सह्या मिळत नाहीत आणि चांगली गाडी कागदाअभावी कवडीमोल होते. नाव लावून घ्या, पासिंग करा, मग ठेवायची की विकायची ते ठरवा. पुढे कुणाला द्यायची झाली तर कागदांसह नेणारा माणूस मिळेल.